हॅरियटचा पंचमीचा चंद्र

बायनॉक्युलर घेऊन पहिल्यांदाच गच्चीवर जाणाऱ्याला मी थॉमस हॅरियटची गोष्ट सांगतो. चंद्राकडे दुर्बीण पहिल्यांदा कोणी रोखली, असे विचारले की आपण सगळे गॅलिलिओचे नाव घेतो. पण दुर्बिणीतून पाहून काढलेले चंद्राचे सर्वांत जुने उपलब्ध चित्र या इंग्रज गणितज्ञाचे आहे. तारीख २६ जुलै १६०९, आजच्या कॅलेंडरप्रमाणे ५ ऑगस्ट. लंडनजवळच्या सायन हाउसमध्ये तो राहत असे. गॅलिलिओची चंद्रचित्रे यानंतर चारेक महिन्यांनी आली.

हॅरियटची दुर्बीण सहापट मोठे दाखवणारी होती. आज बाजारात मिळणारा साधा १० × ५० चा बायनॉक्युलर तिच्यापेक्षा कितीतरी सरस! चंद्र होता साधारण पाच दिवसांचा, म्हणजे आपल्या शुक्ल पंचमीचा. एवढ्या भांडवलावर त्याने काय काढले? उजेड आणि अंधार यांच्यामधली एक वेडीवाकडी रेघ आणि काही काळसर डाग. बस्स. एकही विवर नाही.

आणि माणूस काही सामान्य नव्हता, बरं का. प्रकाशाच्या वक्रीभवनाचा नियम त्याने स्नेलच्या आधी शोधला होता. वेल्समधला त्याचा मित्र सर विल्यम लोअर याने त्याच्याकडून मिळालेल्या दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि १६१० च्या सुरुवातीला लिहिले, की तो आपल्या स्वयंपाक्याने केलेल्या टार्टसारखा दिसतो. इथे काही चकचकीत, तिथे काही काळे. मला हे पत्र फार आवडते. पहिल्या रात्री बहुतेकांना असेच दिसते.

गॅलिलिओची दुर्बीण वीसपट होती, हे खरेच. पण त्याला चित्रकलेचे, छायाप्रकाशाचे अंगही होते. रेघेच्या अंधाऱ्या बाजूला चमकणारे ठिपके त्याने पाहिले आणि ओळखले, की ही उन्हात आलेली शिखरे आहेत, पायथ्याशी अजून रात्र आहे. त्यावरून त्याने डोंगरांची उंचीसुद्धा काढली. मार्च १६१० मध्ये त्याचे पुस्तक व्हेनिसला छापले गेले. ते हॅरियटच्या हाती पडले, आणि जुलै १६१० च्या त्याच्या चित्रात विवरे दिसू लागली!

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की मुले म्हणत, "सर, काहीच दिसत नाही." फळ्यावर पेशींची आकृती काढली, की त्याच भिंगाखाली त्यांना पेशींच्या भिंती दिसत. हॅरियटने नक्कल केली असे कोणी म्हटले तर मला ही मुले आठवतात. त्यांना काय नक्कलखोर म्हणायचे?

म्हणून मंडळी, पौर्णिमेला जाऊ नका. तेव्हा ऊन समोरून पडते, सावल्या नसतात आणि चंद्र सपाट दिसतो. पंचमी ते अष्टमी बरी. कोपर कठड्यावर टेकवा, नाहीतर चंद्र नाचतो. आणि आधी चित्र खुशाल बघून जा.

पुढे हॅरियटने पूर्ण चंद्राचा एक सुरेख नकाशा केला. छापला मात्र नाही. १६२१ मध्ये तो गेला. त्याचे कागद पेटवर्थच्या वाड्यात पडून राहिले, ते १७८४ मध्ये फॉन झाख नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला सापडले. तोवर चंद्र गॅलिलिओच्या नावावर लागून पावणेदोनशे वर्षे होत आली होती.