हत्येनंतरचे भय आणि न उच्चारलेले पाप : ‘मॅकबेथ’ नाटकाच्या आधारग्रंथांचा एक विचार

१

शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकात राजा डंकनचा वध दुसऱ्या अंकातच होऊन जातो आणि तोही पडद्याआड. प्रेक्षकांना दिसतात ते वध करून परतलेले हात. नाटकाचा उरलेला, निम्म्याहून मोठा भाग हा त्या एका रात्रीचा परिणाम होय. हे नाटक शिकविताना एक प्रश्न वर्गात हमखास निघतो : मॅकबेथला पश्चात्ताप होतो, की केवळ भीती वाटते? या प्रश्नाचे उत्तर पात्राच्या मनोविश्लेषणात शोधण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखात ते आधी इतिहासात शोधावयाचे आहे. मॅकबेथच्या माथी हे भय कोणी मारले, ते कोणाकडून आणले आणि आणताना त्यातील कोणता अंश वगळला, हे पाहिले म्हणजे वरील प्रश्नाची मांडणीच काहीशी बदलते, असे आम्हांस वाटते.

२

इतिहासातील मॅकबेथने झोपलेल्या पाहुण्याचा गळा चिरला नाही. इ. स. १०४० मध्ये डंकन सैन्यासह मोरे प्रांतात आला आणि तेथे एल्गिनजवळच्या लढाईत मारला गेला. तो वृद्धही नव्हता. राजकुलाच्या निरनिराळ्या शाखांमध्ये सिंहासनासाठी झगडा होणे आणि पराभूत राजाने रणात पडणे, ही त्या काळच्या स्कॉटलंडमध्ये विशेष नवलाची गोष्ट नव्हती. मॅकबेथने पुढे सतरा वर्षे राज्य केले. त्याने व त्याची राणी ग्रुओख हिने लॉक लेव्हन येथील मठवासीयांना जमिनी दिल्याची नोंद आहे. १०५० मध्ये तो रोमला गेला आणि तेथे त्याने गोरगरिबांना मुक्तहस्ते द्रव्य वाटले, असे मारियानुस स्कोटुस या समकालीन इतिवृत्तकाराने लिहून ठेवले आहे. राज्याचा धनी दीर्घकाळ परदेशी राहू शकतो, यावरून त्याचे आसन तेव्हा तरी स्थिर असावे. १०५७ मध्ये लंफानन येथे तो मारला गेला.

या माणसाचा खुनशी जुलमी राजा झाला तो पुढील काही शतकांच्या इतिवृत्तांत. १५२७ मध्ये हेक्टर बोईस याने लॅटिनमध्ये स्कॉटलंडचा इतिहास प्रसिद्ध केला. बँको हे पात्र बहुधा त्याच्याच लेखणीतून जन्मले. बोईसची हकीकत राफाएल हॉलिनशेडच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इंग्रजी इतिवृत्तात उतरली आणि त्याची १५८७ ची आवृत्ती शेक्सपिअरच्या हाती होती. या इतिवृत्तातसुद्धा डंकनचा वध दोन ओळींत आटोपतो. बँकोसह अनेक मित्रांना त्याची कल्पना असते आणि त्यानंतर मॅकबेथ सुमारे दहा वर्षे न्यायाने राज्य करतो. मग मात्र आपण इतरांना पाजले ते आपल्यालाही प्यावे लागेल, या धास्तीने तो क्रूर होतो. शेक्सपिअरने ही दहा वर्षे पुसून टाकली. त्याच्या मॅकबेथचे भय वधाच्या त्याच घटकेपासून सुरू होते.

३

मग नाटकातील ती रात्र आली कोठून? त्याच इतिवृत्तातील दुसऱ्या दोन राजांच्या कथांतून. पहिली कथा राजा डफची. फॉरेसच्या गढीत डोनवाल्ड हा सरदार पत्नीच्या चिथावणीवरून आपल्या घरी उतरलेल्या राजाचा घात करवितो. शयनगृहाच्या पहारेकऱ्यांना मद्य पाजून आधीच बेशुद्ध केलेले असते. सकाळी डोनवाल्डच संतापाचे सोंग आणून त्या पहारेकऱ्यांना ठार करतो. वधाचा सारा तपशील येथील आहे.

दुसरी कथा राजा केनेथची, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची. आपल्या मुलाला गादी मिळावी म्हणून केनेथने डफचा मुलगा माल्कम याला विष देऊन मारले. पाप कोणालाही कळले नाही. तथापि एका रात्री शय्येवर पडला असता त्याला एक वाणी ऐकू आली : तुझे कृत्य ईश्वराला ठाऊक आहे. ती रात्र राजाने डोळ्याला डोळा न लावता काढली. मॅकबेथला ऐकू येणाऱ्या, निद्रेचाच वध झाल्याचे सांगणाऱ्या आवाजाचे मूळ अभ्यासक येथेच शोधतात.

परंतु केनेथची कथा तेथे संपत नाही. तो बिशपकडे जातो, आपले पाप शब्दांत सांगतो आणि प्रायश्चित्ताचा मार्ग विचारतो. पुढे त्याचाही घातच होतो, पण तो पाप मनात कोंडून मरत नाही. शेक्सपिअरने केनेथचा आवाज घेतला, त्याची अनिद्रा घेतली. पापनिवेदन तेवढे घेतले नाही. आमच्या मते या नाटकातील भयाची किल्ली या वगळण्यात आहे.

४

नाटकाचा रचनाकाळ सर्वसाधारणपणे १६०६ मानला जातो. त्या वर्षी लंडनमध्ये पापनिवेदन ही खाजगी बाब राहिली नव्हती. ५ नोव्हेंबर १६०५ रोजी राजा जेम्ससह संपूर्ण पार्लमेंट सुरुंगाच्या दारूने उडवून देण्याचा कट उघडकीस आला. २८ मार्च १६०६ रोजी हेन्री गार्नेट या जेझुइट धर्मगुरूवर खटला चालला. कटाची माहिती आपणांस पापनिवेदनाच्या गुप्ततेखाली मिळाली, म्हणून ती उघड करता आली नाही, हा त्याच्या बचावाचा गाभा होता. ३ मे रोजी त्याला फाशी देण्यात आले. खटल्यात त्याच्यावर आणखी एक ठपका होता, तो द्व्यर्थी भाषणाचा. शब्द खरे, पण ऐकणाऱ्याची फसगत व्हावी असे, अशी ही बोलण्याची रीत. अश्वत्थाम्याविषयी धर्मराजाने द्रोणाचार्यांना दिलेले उत्तर आठवले म्हणजे मराठी वाचकाला तिचा उलगडा होईल. डंकनच्या वधानंतर लगेच येणाऱ्या द्वारपालाच्या प्रवेशात असाच एक द्व्यर्थी बोलणारा नरकाच्या दारी येतो. त्याचा रोख गार्नेटकडे असल्याचे बहुतेक टीकाकार मानतात.

धर्मसुधारणेनंतर इंग्लंडच्या चर्चमध्ये धर्मगुरूजवळ जाऊन पाप सांगणे सक्तीचे उरले नव्हते. १६०६ मध्ये तर पाप ऐकणारा कान हाच राजद्रोहाचे स्थान ठरला. अशा काळात केनेथचा बिशप रंगमंचावर आणणे अवघड होते, असे म्हणता येईल. मात्र नाटककाराने अडचण टाळली एवढेच म्हणून भागणार नाही. पाप आहे, वाणी आहे, पण ऐकणारा कोणी नाही, या अवस्थेत मनाचे काय होते, हे त्याने पुढे दाखविले आहे.

५

भाषेच्या अभ्यासकाला याची साक्ष प्रत्यक्ष शब्दांत मिळते. वधापूर्वी मॅकबेथ ‘खून’ हा शब्द स्वतःशी उच्चारू शकतो. वधानंतरच्या पहिल्या प्रवेशात मात्र तो आपल्या करणीला केवळ ‘ते कृत्य’ म्हणतो. ‘खून’ हा शब्द तेथे येतो तो झोपेत ओरडणाऱ्या माणसाच्या आणि त्या अदृश्य आवाजाच्या तोंडून. जणू शब्द त्याच्या जिभेवरून उडून बाहेर वावरू लागला आहे. शेजारच्या खोलीत कोणी प्रार्थना करते, तेव्हा तिच्या शेवटचे ‘आमेन’ त्याला उच्चारता येत नाही, आणि ते का उच्चारता आले नाही, हे तो पत्नीला पुनःपुन्हा विचारतो.

इंग्रजी ‘गिल्ट’ या शब्दाचा उपयोगही पाहण्याजोगा आहे. त्या काळी त्याचा अर्थ मुख्यतः ‘घडलेला दोष’ असा होता. मनाला लागणारी टोचणी हा अर्थ त्याला पुष्कळ नंतर चिकटला. लेडी मॅकबेथ हा शब्द वापरते तो पहारेकऱ्यांच्या माथी दोष मारण्यासाठी. एकदा तर रक्ताने त्यांच्या तोंडाला मुलामा देण्याच्या संदर्भात ती त्यावर श्लेषही करते. (मराठीतील ‘गिलिट’ हे या मुलाम्याच्या शब्दाचेच रूप.) म्हणजे दोष हा दुसऱ्याला फासावयाचा रंग. स्वतःचा म्हणून जो उरतो, त्याला या दोघांच्या भाषेत नाव नाही. नाव नसलेले ते दुःख ‘भय’ या नावाने वावरते.

चोराच्या मनात चांदणे, असे आपण म्हणतो. मॅकबेथच्या मनातील हे चांदणे दिवसेंदिवस लख्ख होत जाते. दारावरची थाप त्याला दचकविते, बँको जिवंत असणे त्याला सोसवत नाही, आणि बँको मेल्यावर त्याचे भूत भर मेजवानीत त्याच्या आसनावर बसते. प्रत्येक सरदाराच्या घरी आपण एक पगारी हेर ठेवला आहे, हे तो स्वतःच सांगतो. शेवटी मॅकडफच्या बायकामुलांची कत्तल होते. एका माणसाचे न उच्चारलेले पाप राज्यकारभाराची पद्धत बनते, हे या नाटकातील सर्वांत भयंकर सत्य होय.

६

पापनिवेदन नाटकात एकदाच होते, तेही झोपेत. पाचव्या अंकात लेडी मॅकबेथ निद्रावस्थेत चालते व बोलते. इतरत्र पद्यात बोलणारी ही राणी येथे गद्यात, तुटक वाक्यांत बोलते. निरनिराळ्या रात्रींचे प्रसंग एकाच श्वासात येतात. ऐकणारा धर्मगुरू नसून वैद्य आहे. तो तिचे शब्द टिपून घेतो आणि हिला वैद्यापेक्षा धर्मगुरूची गरज अधिक आहे, असे म्हणून निघून जातो. १६११ मध्ये ग्लोब नाट्यगृहात हे नाटक पाहणाऱ्या सायमन फोरमनने आपल्या टिपणांत दोन गोष्टी आवर्जून नमूद केल्या आहेत : हातांचे रक्त धुतले जाईना, आणि राणीने झोपेत सर्व कबूल केले व वैद्याने तिचे शब्द लिहून घेतले. त्या काळच्या प्रेक्षकालाही मर्म याच ठिकाणी जाणवले होते.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. ‘पश्चात्ताप’ या शब्दात मागाहून होणारा दाह आहे. तो दाह मॅकबेथला निश्चित होतो; मात्र त्याला वाट मिळत नाही. पश्चात्ताप आणि भय ही येथे दोन वेगळी दुखणी नाहीत. सांगता न आलेला पश्चात्ताप म्हणजेच त्याचे भय. म्हणून अखेरीस आपण भीतीची चवही विसरलो, असे तो म्हणतो, तेव्हा त्यात सुटकेची खूण दिसत नाही. त्याच क्षणी पत्नीच्या मृत्यूची वार्ता येते आणि तिच्यासाठी शोक करण्याइतकेही मन त्याच्याजवळ शिल्लक नसते. भय होते तोवर आत कोणी जागे होते.

रोममध्ये दानधर्म करणाऱ्या खऱ्या मॅकबेथवर इतिवृत्तकारांनी अन्याय केला, यात शंका नाही. परंतु त्याच्या नावावर केनेथची रात्र चढवून आणि केनेथचा बिशप काढून घेऊन शेक्सपिअरने जे दाखविले, ते कोणत्याही राज्यात, कोणत्याही शतकात पडताळून पाहता येण्यासारखे आहे.