डांबर, मेण, प्लास्टिक : ताडपत्रीची कुळकथा

खानदेशाला समुद्र नाही. तापी, गिरणा नि पांझरेला पूर आला तरच इथल्या माणसाला होडी आठवते. तरीही जहाजावर जन्मलेलं एक कापड जळगाव-धुळ्याच्या घराघरांत घडी घालून ठेवलेलं असतं. मृगाच्या तोंडावर ते माळ्यावरून खाली येतं आणि चाऱ्याच्या गंजीवर, मक्याच्या ढिगावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जाऊन बसतं. ही ताडपत्री. उत्तरेकडचं तिरपाल तिचं सख्खं भावंड, दोघंही इंग्रजी टारपॉलिनची लेकरं. तिच्या कुळात तीन घराणी आहेत : डांबराचं, मेणाचं आणि प्लास्टिकचं. प्रत्येकाने तिला एक गुण दिला आणि एक खोडही लावली. दुकानात जाताना हे कूळ ठाऊक असलं तर पैसे वाया जात नाहीत.

पहिलं घराणं डांबराचं. सतराव्या शतकातले इंग्रज खलाशी जाड कॅनव्हासला पाइनच्या लाकडातून काढलेलं डांबर चोळत. हे डांबर मुख्यतः स्वीडन-फिनलंडच्या जंगलांतून येई. असं काळंकुट्ट, चिकट कापड ते मालावर घालत, त्याचेच कोट-टोपही करत. इतके, की त्या काळात खलाशालाच टारपॉलिन म्हणू लागले. मात्र या कापडाची खरी परीक्षा होई ती जहाजाच्या पोटात उतरायच्या दारावर. वादळाची चिन्हं दिसली की दारावर डांबरी कापड पसरायचं, कडेने लाकडी पट्ट्या दाबायच्या आणि त्या पाचरी ठोकून आवळायच्या. पाणी अडवायचं काम डांबराचं, वारा अडवायचं काम पाचरींचं. कापड कितीही भारी असो, ते सैल राहिलं तर पहिल्याच लाटेला उडणार, हे खलाशाला पक्कं माहीत होतं. ताडपत्रीच्या पुढच्या चारशे वर्षांच्या इतिहासात या नियमात काही बदल झालेला नाही.

दुसरं घराणं आपल्याकडचं, मेणाचं. मोगल काळात मोमजामा नावाचं मेण पाजलेलं कापड होतं, मराठीत ते मेणकापड. 1601 साली अकबराने असीरगड घेतला, खानदेश मोगलाईत गेला आणि बुऱ्हाणपूर ते सुरत हा रस्ता मालाने गजबजला. 1615 साली इंग्रजांचा वकील सर टॉमस रो सुरतेहून निघून याच वाटेने बुऱ्हाणपुराला पोचला, पुढे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निएही इकडून गेला. नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा ही त्यांच्या वाटेवरची गावं. पण तेव्हा आच्छादनाचं काम बेताचंच होतं, कारण चौमासात रस्ताच बंद पडे. काळ्या मातीत बैलांचे पाय रुतत, नद्यांना उतार मिळत नसे, तांडे जिथल्या तिथे मुक्काम ठोकत. आणि मेणाला इथलं ऊन सोसत नाही. वैशाखात मेणकापडाच्या घड्या एकमेकींना चिकटायच्या, सोडवताना मेण निघून यायचं, आणि मेण गेलं की उरलं ते साधं कापड.

पावसातही माल हलला पाहिजे, अशी वेळ आणली रेल्वेने आणि कापसाने. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिथला कापूस अडकला, मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापूस हवासा झाला आणि भाव आकाशाला भिडले. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ खानदेशातून पुढे सरकत होते. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, स्टेशनांच्या आवारात गाठींच्या थप्प्या लागल्या. उघड्या वाघिणीतल्या कापसाला पावसापेक्षा मोठी धास्ती इंजिनाची होती, कारण वाफेच्या इंजिनातून ठिणग्या उडत. एक ठिणगी गाठीत शिरली की आग तासन् तास आतल्या आत धुमसायची आणि मग एकदम वर यायची. म्हणून वाघिणीवर ताडपत्री आली. ब्रिटनमधल्या रेल्वे कंपन्या तर प्रत्येक ताडपत्रीवर कंपनीची आद्याक्षरं आणि नंबर रंगवून तिचा हिशेब ठेवत, इतकी ती मोलाची होती.

तोवर डांबराची जागा जवसाच्या तेलाने घेतली होती. हे तेल कापडावर सुकून चामड्यासारखा थर धरतं. त्याची खोड अशी, की सुकताना ते तापतं. अर्धवट सुकलेल्या कापडाची घडी रचून ठेवली तर कुणी काडी न लावताही पेट घेऊ शकते. कापसाच्या शेजारी असला पाहुणा कोण ठेवील? पुढे पॅराफिन मेण आणि तांब्याचे क्षार यांचं मिश्रण आलं. मेण पाणी अडवी, तांबं बुरशीला दूर ठेवी. सुती कॅनव्हासची ही हिरवट-खाकी ताडपत्री नंतर कित्येक दशकं ट्रकवर राज्य करत होती.

धुळ्याइतकं तिचं राज्य दुसरीकडे क्वचितच दिसलं असेल. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग इथे एकमेकांना कापतात. इथल्या ढाब्यावर ट्रक उभा राहिला की क्लीनर आधी वर चढून दोऱ्या चाचपतो. दोन ताडपत्र्या लागल्या तर पुढचीचा काठ मागचीच्या वर यायला हवा, घराच्या कौलांसारखा. उलटं झालं तर समोरून येणारा वारा सांध्यात शिरतो आणि दहा-वीस किलोमीटरांत डोळे, म्हणजे दोरी ओवायच्या रिंगा, उपटून निघतात. पुढचा पदर मालाखाली दुमडायचा, कोपरे पाकिटासारखे मोडायचे, दोरी आडवी-तिरपी नेऊन हुकाला आवळायची. भिजलेली सुती ताडपत्री उचलायला दोन-तीन माणसं लागायची. शिवाय ती वाळवल्याशिवाय घडी घालायची सोय नव्हती, घातली तर काळे ठिपके पडून कापड कुजे. जडपणा आणि कुजणं या दोन खोडींमुळेच तिसऱ्या घराण्याला दार उघडलं.

ते प्लास्टिकचं. 1933 साली इंग्लंडच्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत फसलेल्या एका प्रयोगाच्या भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ सापडला, तो पॉलिथिन. 1953 साली जर्मनीत कार्ल झिग्लरने त्याचा दणकट प्रकार कमी दाबाखाली तयार केला, तो एचडीपीई. त्याच्या चपट्या पट्ट्या ओढायच्या, त्या कापडासारख्या विणायच्या आणि दोन्ही अंगांना पातळ थर चढवायचा, की आजची विणलेली ताडपत्री तयार. दुसरी जात न विणता होते. ताणलेले पापुद्रे एकमेकांना तिरपे चिकटवायचे हे तंत्र डॅनिश संशोधक ओले-बेंट रासमुसेन याचं. सुप्रीम कंपनीने ते भारतात सिल्पॉलिन या नावाने विकलं आणि आता कुठल्याही कंपनीची ताडपत्री असली तरी शेतकरी सिल्पॉलिनच मागतो. ज्या जळगावाने पाइप, ठिबकच्या नळ्या आणि चटया करून प्लास्टिकवर नाव कमावलं, तिथे हा पाहुणा लगेच घरचा झाला. खेड्यात तर त्याला सरळ कागद म्हणतात : ‘पाऊस येतोय, कागद टाका!’ निवडणूक आटोपली की फ्लेक्सही याच जातीत दाखल होतो आणि पडलेला उमेदवार पुढची पाच वर्षं कुणाच्या तरी गोठ्यावर हात जोडून उभा असतो.

प्लास्टिक हलकं, स्वस्त, कुजत नाही. त्याच्या खोडी दोन. पहिली उन्हाची. खानदेशात पाऊस चार महिने, तोही बेताचा. ऊन मात्र बारमाही, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. अतिनील किरणांपासून वाचवणारं द्रव्य मिसळलेलं नसेल तर कापड एका उन्हाळ्यात पापडासारखं मोडतं. म्हणून रंगाला भुलू नये, द्रव्य आहे का ते विचारावं, आणि विणलेल्या ताडपत्रीवर भारतीय मानक 7903 चा शिक्का शोधावा. दुसरी खोड म्हणजे प्लास्टिक श्वास घेत नाही. ओला मका किंवा दमट कापूस झाकून ठेवला की आतली वाफ आतच गार होते आणि थेंब मालावरच पडतात. वरून पाऊस नाही, तरी आत बुरशी. कापूस खरेदीत 8 ते 12 टक्के ओलावा चालतो. त्याहून ओला माल आधी वाळवावा, मग झाकावा. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर अवकाळी आल्यावर ताडपत्री टाकतात, पण उघाड पडताच ती काढणंही तितकंच निकडीचं असतं.

आता माप. ढीग 20 फूट लांब, 10 फूट रुंद आणि 4 फूट उंच असेल, तर लांबीला दोन्हीकडची उंची 8 फूट आणि जमिनीवर दाबायला एकेक फूट, असे 30 फूट लागतात. रुंदीला त्याच हिशेबाने 20. म्हणजे बाजारात मिळणारं 20 बाय 30. मात्र पुष्कळदा लिहिलेलं माप कापल्याचं असतं, काठ दुमडून शिवल्यावर काही इंच कमी भरतं, म्हणून तयार माप टेपने मोजून घ्यावं. जाडीची फसवणूक काट्यावर उघडी पडते. 18 बाय 24 म्हणजे सुमारे 40 चौरस मीटर. दर चौरस मीटरला 200 ग्रॅमचं कापड असेल तर वजन 8 किलोच्या आसपास भरलं पाहिजे. सहाच भरलं, तर दुकानदार काहीही म्हणो, ते 200 ग्रॅमचं नव्हे. मग ताडपत्री उन्हाकडे धरून बारीक भोकं बघावीत, नखाने थर सुटतो का ते पाहावं, काठात दोरी आहे का आणि रिंगेखाली दुहेरी कापड आहे का ते चाचपावं.

मोठी घेतलेली बरी, हा आपल्याकडचा आवडता हिशेब इथे उलटतो. जास्तीचं कापड वाऱ्यात फडफडतं, फडफडून घड्यांवर चिरतं, आणि खळग्यात साचलेलं पाणी त्याला खाली ओढतं. परदेशात पाण्यावर स्की खेळणाऱ्यांच्या वेगवान बोटी असतात. त्यांची आवरणं त्या त्या बोटीच्या मापावर शिवून घेतात, पाणी साचू नये म्हणून मध्ये खांब उभा करतात, वाफ जावी म्हणून झडपा ठेवतात आणि कडेने पट्ट्यांनी आवळतात. आपला शेतकरी तेच निराळ्या सामानाने करतो : ढिगाच्या मध्यावर पोती रचून उंचवटा, वाऱ्याच्या उलट बाजूला हात-दोन हात फट, कडेने मातीची पाळी आणि वरून दोरीचे आडवे वेढे. खलाशाच्या पाचरीचं काम इथे या मातीने आणि दोरीने होतं. म्हणून ताडपत्री घ्यायला निघताना आधी टेप हातात घ्यावा, ढीग मोजावा, आणि ग्रॅम, रंग नि भाव यांची घासाघीस त्यानंतर करावी.