कवकभक्षी कवके : पोषणसंकेत आणि शिकार

कवकभक्षी कवके : दुसऱ्या बुरशीच्या जिवंत तंतूंवर किंवा जमिनीत सुप्त पडलेल्या तिच्या गाठींवर हल्ला करून त्यांतील अन्नद्रव्यावर वाढणाऱ्या बुरशींचा गट. द्राक्षाच्या पानावरील भुरीत शिरून राहणारी अँपेलोमायसेस क्विस्क्वॅलिस ही या गटातील एका टोकाची बुरशी. भुरीवाचून तिचे सहसा चालत नाही. ट्रायकोडर्मा ही प्रजाती दुसऱ्या टोकाला आहे. कुजके लाकूड, शेणखत, पालापाचोळा, मुळांतून पाझरणारी साखर, मेलेली बुरशी आणि जिवंत बुरशी यांपैकी जे हाती लागेल त्यावर ती भागवते. इतके पर्याय असलेल्या जीवाने शिकारीचा खर्चिक मार्ग केव्हा धरायचा, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे. शिकारीसाठी एन्झाइमे घडवावी लागतात, तंतूंची वाढ वळवावी लागते आणि भक्ष्याच्या विषांना तोंड द्यावे लागते. उपलब्ध पुरावा पाहता असे म्हणता येते, की उपासमार एकटी ट्रायकोडर्माला शिकारी बनवत नाही आणि भक्ष्याचे सान्निध्यही एकटे पुरत नाही. बँकेच्या लॉकरप्रमाणे दोन किल्ल्या एकदम लागतात : एक पेशीच्या आतल्या शिलकीची आणि दुसरी बाहेरच्या सावजाची.

हैदराबादचा संदर्भ : हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता नाही, हे हैदराबादच्या उदाहरणावरून दिसते. शहरालगतच्या राजेंद्रनगर येथील भारतीय तेलबिया संशोधन संस्थेकडे (१९७७ मध्ये तेलबिया संशोधन संचालनालय म्हणून स्थापन) एरंडी, करडई आणि सूर्यफूल ही पिके प्रामुख्याने आहेत. एरंडी आणि करडई या दोन्ही पिकांत फ्युजेरियम बुरशीमुळे होणारा मर रोग हे जुने दुखणे असून, करडईमुळे मराठवाडा आणि सोलापूरकडचा शेतकरीही या कामाशी जोडला जातो. मर व मूळकूज रोखण्यासाठी या संस्थेने ट्रायकोडर्मा हार्झियानमचा टीएच४डी हा स्ट्रेन निवडला आणि त्याची भुकटी व द्रवरूप उत्पादने विकसित केली. पाटणचेरू येथील इक्रिसॅटमध्ये (स्थापना १९७२) भुईमुगाच्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणाऱ्या ॲस्परजिलस फ्लेवस बुरशीविरुद्ध ट्रायकोडर्माच्या चाचण्या झाल्या. बाजारात मिळणाऱ्या भुकटीत ग्रॅममागे किमान २० लाख जिवंत बीजाणू-घटक असावेत असा नियम आहे आणि बीजप्रक्रियेसाठी किलोभर बियाण्याला साधारण ४ ते १० ग्रॅम भुकटी चोळतात. हे आकडे किती बुरशी शेतात गेली एवढे सांगतात. तिथे गेल्यावर ती शिकार करील की शेणखतावर आरामात जगेल, हे ठरते तिच्या पोषणसंकेतांवर.

शिकारीची रीत : ट्रायकोडर्माची शिकारी वृत्ती रिचर्ड विंडलिंग यांनी १९३२ मध्ये स्पष्टपणे मांडली; रायझोक्टोनिया सोलानी या रोगकारक बुरशीच्या तंतूंभोवती ती वेटोळे घालते, हे त्यांनी दाखवले. बटाटा-डेक्स्ट्रोज आगरच्या बशीत एका कडेला ट्रायकोडर्मा आणि समोरच्या कडेला भुईमुगाची खोडकूज करणारी स्क्लेरोशियम रोल्फसाय लावली, की दोघींच्या वाढीच्या कडा काही दिवसांत एकमेकींना भिडतात. रोल्फसायचा पांढरा कापसासारखा थर हळूहळू हिरव्या बीजाणूंखाली झाकला जातो. मोहरीच्या दाण्याएवढ्या तिच्या तपकिरी गाठी, म्हणजे स्क्लेरोशिया, मऊ पडून आतून पोखरल्या जातात. सूक्ष्मदर्शकाखाली ट्रायकोडर्माचे तंतू भक्ष्याच्या तंतूला समांतर धावताना, फांद्या फोडून त्याला विळखे घालताना आणि जागोजाग चिकटताना दिसतात. त्यानंतर कायटिनेज, ग्लुकानेज आणि प्रोटीएज ही एन्झाइमे भक्ष्याची पेशीभित्तिका विरघळवतात. इस्राएलमधील इनबार आणि चेट यांनी १९९२ मध्ये नायलॉनच्या धाग्यांना रोल्फसायपासून मिळवलेले लेक्टिन हे प्रथिन लावले, तेव्हा ट्रायकोडर्माने त्या निर्जीव धाग्यांनाही वेटोळे घातले. विळख्यासाठी भक्ष्य जिवंत असण्याची गरज नाही, त्याच्या पृष्ठभागाची ओळख पुरते, हे त्यातून निघाले. दुसरी किल्ली वेगळी काढून दाखवणारा हा प्रयोग होता.

कर्ब आणि नत्राचे संकेत : पहिली किल्ली कर्ब आणि नत्र यांच्या मोजमापातून घडते. सोपी साखर भरपूर असली, की क्रे-१ हे प्रथिन अनेक एन्झाइम-जनुकांच्या सुरुवातीच्या भागाला चिकटून त्यांचे वाचन थोपवते. ग्लुकोज असताना कठीण अन्न फोडण्याची यंत्रणा बंद ठेवण्याची ही काटकसर बहुतेक बुरशींत आढळते. ट्रायकोडर्मातील ईसीएच४२ या कायटिनेज-जनुकालाही हाच लगाम असतो. पण लोरिटो, कुबिचेक आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवले, की भक्ष्याशी गाठ पडल्यावर क्रे-१ची ही पकड सुटते. दोन वर्षांनी मेक्सिकोतील एरेरा-एस्त्रेया यांच्या गटाने दोन्ही बुरशींच्या मध्ये सेलोफेनचा पडदा ठेवला. स्पर्श होणे शक्य नसतानाही ईसीएच४२ आणि प्रोटीएज बनवणारे पीआरबी१ ही जनुके जागी झाली. रायझोक्टोनियाच्या पेशीभित्तिकेतून मिळवलेला, उष्णतेने किंवा प्रोटीएजने नष्ट न होणारा एक घटकही तेच काम करू शकला. म्हणजे भक्ष्याचा निरोप स्पर्शाआधी पाझरून पोहोचतो. मात्र त्याच गटाने २००२ मध्ये पीआरबी१ बारकाईने तपासले, तेव्हा या निरोपाची मर्यादा कळली : आवडते नत्र मुबलक असेल तर निरोप मिळूनही जनुक गप्प राहते, नत्राचा दाब ओसरला की तोच निरोप कामी येतो. दोन्ही किल्ल्या एकाच जनुकावर एकत्र चालतात, याचा हा सर्वांत थेट पुरावा.

नत्राचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेत टॉर या कायनेजला (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणाऱ्या एन्झाइमाला) मध्यवर्ती स्थान आहे. १९९१ मध्ये यीस्टमध्ये रॅपामायसिन या औषधाचे लक्ष्य म्हणून त्याचा शोध लागला. अमिनो आम्ले पुरेशी असली की टॉर वाढीला मोकळीक देते. तुटवडा पडला की टॉर थंडावते आणि पेशी वाढ आवरून साठे वापरण्याकडे वळते. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील सुझान त्साइलिंगर यांच्या गटाने २०२१ मध्ये ट्रायकोडर्मा ॲट्रोव्हिरिडीत टॉर-मार्गातील जनुकांत फेरफार केले, तेव्हा वाढ आणि नत्राचा वापर यांबरोबर इतर बुरशींवर मात करण्याची क्षमताही बदलली. त्याआधी २००९ मध्ये याच जातीच्या जनुक-अभिव्यक्तीचा आढावा घेताना, रायझोक्टोनिया जवळ आल्यावर पण स्पर्शापूर्वी, नत्रटंचाईला दिल्या जाणाऱ्या प्रतिसादाची जनुके सक्रिय झालेली आढळली होती. शिकारीची तयारी आणि टंचाईची तयारी यांत बरीच सामाईक यंत्रणा आहे, असे यावरून दिसते.

संकेतांची आतली साखळी : भक्ष्याचा निरोप आणि पोषणाची स्थिती पेशीपटलावरील ग्राहींपासून केंद्रकापर्यंत नेणाऱ्या वाटा आता बऱ्याच ठाऊक झाल्या आहेत. ॲट्रोव्हिरिडीत जीपीआर१ हा ग्राही निकामी केला, की तिचे तंतू भक्ष्याला चिकटत नाहीत आणि विळखाही घालत नाहीत. ग्राहीच्या खाली जी-प्रथिने असतात. त्यांतील टीजीए१ काढून टाकल्यावर कायटिनेजची पातळी घसरते आणि भक्ष्यावर चढण्याची क्षमता जाते, पण बुरशीनाशक लहान रेणूंपैकी काहींचे उत्पादन उलट वाढते. जी-प्रथिनांच्या पुढे सायक्लिक एएमपी हा पेशीतील निरोप्या येतो. मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील प्रसून मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ट्रायकोडर्मा व्हायरेन्समधील सायक्लिक एएमपी बनवणारे जनुकच काढून टाकले. ती बुरशी आगरवर मूळ स्ट्रेनच्या जेमतेम ५ ते ६ टक्के वेगाने वाढली, तिचे बीजाणू पाण्यात रुजले नाहीत आणि रोल्फसाय, रायझोक्टोनिया किंवा पिथियम यांपैकी कोणावरही तिला चढता आले नाही.

आक्षेप आणि उत्तरे : पहिला आक्षेप इथेच उभा राहतो. जी बुरशी धड वाढतच नाही ती शिकार कशी करील? तिच्या अपयशावरून सायक्लिक एएमपी शिकारीचे नियंत्रण करते असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. आक्षेप रास्त आहे आणि २००७च्या प्रयोगावरच भिस्त असती तर तो निर्णायक ठरला असता. पण त्याआधी मुखर्जी, बेंजामिन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी २००३ व २००४ मध्ये व्हायरेन्समधील टीएमकेए हे मॅप कायनेज आणि टीजीएए हे जी-प्रथिन वेगवेगळे निकामी केले होते. या दोन्ही उत्परिवर्तित बुरशी रायझोक्टोनियावर मूळ स्ट्रेनसारख्याच चालून गेल्या. रोल्फसायच्या बाबतीत, विशेषतः तिच्या गाठींवर, मात्र त्या कमी पडल्या. अंगात त्राण नसते तर दोन्ही भक्ष्यांपुढे त्या सारख्याच हरल्या असत्या. एका भक्ष्यापुढे जिंकून दुसऱ्यापुढे हरणे ही संकेतवहनातील निवडक बिघाडाची खूण आहे. सावजागणिक वाट बदलते, ही यातली अधिक मोलाची गोष्ट.

दुसरा आक्षेप विसंगतीचा. २००३ मध्येच मेक्सिकोतील गटाने व्हायरेन्सच्या दुसऱ्या एका स्ट्रेनमध्ये याच मॅप कायनेजचे जनुक (तिथे त्याला टीव्हीके१ म्हणतात) बंद केले. त्यांच्या बुरशीत विघटक एन्झाइमे वाढली आणि रोगनियंत्रण मूळ स्ट्रेनपेक्षा सरस ठरले. एकच जनुक एकीकडे शिकारीला लागते आणि दुसरीकडे त्याच्या अभावाने शिकारी बळावतो, मग कोणते खरे? दोन्ही प्रयोगांतील प्रश्न वेगळे होते, हे ध्यानात घेतले तर तिढा बराचसा सुटतो. एन्झाइमांचा स्राव वाढणे आणि कठीण आवरणाची गाठ भेदून आत घर करणे या दोन निराळ्या कामगिऱ्या आहेत. पहिलीवर हे कायनेज लगाम घालत असेल आणि दुसरीसाठी ते आवश्यक असेल, यात तार्किक विरोध नाही. स्ट्रेन वेगळे असल्याचा परिणामही गृहीत धरावा लागतो. एका जनुकाला शिकारीचे किंवा शिकारविरोधी असे लेबल लावणे मात्र या पुराव्यापुढे टिकत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. चार्ल्स हॉवेल यांनी १९८७ मध्ये व्हायरेन्सच्या अशा उत्परिवर्तित बुरशी तपासल्या, ज्यांची शिकारक्षमता गेली होती. तरीही कापसाच्या रोपांचे रायझोक्टोनियापासून त्यांनी रक्षण केले. मग शेतातील यशाचे श्रेय शिकारीला का द्यावे? ते संपूर्ण देऊ नये, हेच उत्तर. ट्रायकोडर्मा अन्नासाठी स्पर्धा करते, विषारी रेणू सोडते आणि मुळांजवळ राहून वनस्पतीची स्वतःची प्रतिकारशक्तीही चेतवते. पण पोषणसंकेतांचे महत्त्व त्याने घटत नाही. टीजीए१च्या अभावात कायटिनेज घटून बुरशीनाशक रेणू वाढतात. सायक्लिक एएमपीच्या अभावात व्हायरेन्समधील दुय्यम चयापचयही मंदावते. शस्त्रे अनेक असली, तरी कोणते केव्हा उपसायचे याचा निर्णय त्याच संकेतयंत्रणेतून जातो. शिकार हे त्या निर्णयाचे एक रूप आहे. रोगनियंत्रणाचा समानार्थी शब्द म्हणून ती वापरता येत नाही.

उत्क्रांतीचा पुरावा : २०११ मध्ये ॲट्रोव्हिरिडी आणि व्हायरेन्स यांच्या जनुकसंचांची तुलना ट्रायकोडर्मा रीसीशी करण्यात आली. रीसी लाकडातील सेल्युलोज फोडण्यासाठी उद्योगांत वापरतात. या तुलनेतून ट्रायकोडर्माची मूळ जीवनपद्धती कवकभक्षी असावी असा निष्कर्ष निघाला आणि दोन्ही शिकारी जातींत कायटिनेज-जनुकांची संख्या रीसीपेक्षा लक्षणीय जास्त आढळली. लाकडावर जगणे हे नंतरचे वळण असेल, तर शिकारी यंत्रणा मुळातलीच आणि साखर-नत्राचा लगाम हे तिचे नियमन, असे संभवते. मात्र लगाम कोणत्या टप्प्यावर आला, हे जनुकांच्या संख्येवरून ठरत नाही.

उपयोजन : या विवेचनाचा व्यवहारातील अर्थ स्ट्रेन निवडण्याच्या पद्धतीपाशी येऊन ठेपतो. दोन बुरशी समोरासमोर लावून पाहण्याची नेहमीची चाचणी ज्या बटाटा-डेक्स्ट्रोज आगरवर होते, त्यात लिटरमागे २० ग्रॅम डेक्स्ट्रोज असते. एवढ्या साखरेत क्रे-१चा लगाम घट्ट असतो, त्यामुळे बशीतील विजयात वाढीच्या वेगाचा आणि विषांचा वाटा मोठा असू शकतो. तेलंगणातील हलकी तांबडी चलका जमीन किंवा मराठवाड्यातील काळी जमीन यांत इतकी साखर कुठेच नसते; तिथे मुळांलगत थोडी साखर, शेणखताजवळ नत्र आणि बाकी बहुतांश उपास. म्हणून स्ट्रेनची पारख कमी साखरेच्या माध्यमात, नत्राच्या निरनिराळ्या पातळ्यांवर आणि त्या भागातील भक्ष्याच्या गाठींवरही व्हायला हवी. मर रोखण्यासाठी निवडलेला स्ट्रेन रोल्फसायवर तितकाच उतरेल असे धरून चालता येत नाही, कारण भक्ष्य बदलले की लागणारी संकेतवाट बदलू शकते. शेणखतात ट्रायकोडर्मा वाढवून ते शेतात पसरण्याची सर्वत्र सांगितली जाणारी रीतही याच दृष्टीने समजून घ्यावी : खतातील अन्न बुरशीची संख्या वाढवते आणि ते अन्न सरत जाते तसा शिकारीवरचा लगाम सैल होतो. खत टाकताना ताजे, नत्रसमृद्ध शेण वापरण्यापेक्षा चांगले कुजलेले खत वापरण्याच्या सल्ल्याला त्यामुळे एक जैवरासायनिक आधारही मिळतो. शेतात त्याचा परिणाम नेमका किती, हे पीक आणि जमीन यांनुसार मोजूनच ठरवावे लागते.