तळहातावरून तळहातावर

अजिंठ्याची भित्तिचित्रे पाचव्या शतकात रंगवली जात होती तेव्हा या देशात तांबूल होता, तंबाखू नव्हती. ती पोर्तुगीजांच्या व्यापारातून दख्खनेत आली आणि सतराव्या शतकाच्या आरंभी अकबराचा दूत असद बेग याने विजापुराहून त्याच्या दरबारात नेली. पुढे शेताच्या बांधापर्यंत ती पसरली, त्यात दुकानाइतकाच सोबत्याचा हात होता. तळव्यावर चिमूटभर तंबाखू घ्यायची, नखाने चुना लावून अंगठ्याने मळायची, दोन थापट्या मारून भुकटी उडवायची आणि बार स्वतःच्या ओठाआड ठेवण्याआधी हात शेजारच्यापुढे करायचा, अशी ही रीत असून तो हात नाकारणे तरुण मुलाला सहसा जड जाते.

समवयस्क शिक्षण, म्हणजे तरुणांना त्यांच्याच वयाच्या सोबत्यांकडून आरोग्याची माहिती मिळण्याची व्यवस्था, हीच वाट उलट्या दिशेने चालते. पाश्चात्त्य देशांत तरुण पुरुषांमधील कर्करोगविषयक अशा कामाचा भर बहुधा वृषणाच्या कर्करोगावर राहिला. महाराष्ट्रात मात्र तो तोंडाच्या कर्करोगावर असणे भाग होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता यांच्या पथकाने राज्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९८७ मध्ये बार्शी येथे ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली व तिच्या कक्षेत मराठवाड्यातील भूम आणि परंडा हे तालुकेही आले; तिचे कार्यकर्ते केवळ नोंदी न घेता गावोगाव लक्षणे समजावून सांगत, आणि त्यानंतर गर्भाशयमुखाचे कर्करोग आधीच्या टप्प्यात सापडू लागले.

कायद्याची वाट अडखळती होती. राज्याने २००२ मध्ये घातलेली गुटखाबंदी सर्वोच्च न्यायालयात २००४ मध्ये टिकली नाही आणि २०१२ मध्ये ती नव्याने आली. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने हजार लोकसंख्येमागे दोन मुली व दोन मुलगे असे चार ‘साथिया’ नेमण्याची तरतूद केली, ज्यांच्या विषयांत व्यसनेही येतात. परंतु हा कार्यक्रम एकोणिसाव्या वर्षापर्यंतच्यांसाठी आहे, आणि हाती स्वतःची मजुरी पडून पुडी परवडू लागते ती अनेकदा त्यानंतर, ही त्यातली उणीव लहान नव्हे.

अजिंठ्याहून छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. त्यामुळे गावातल्या सोबत्याला करता येण्याजोगी तपासणी साधी असावी लागते: मित्राला उजेडात उभे करून गालाच्या आत पांढरा वा लाल चट्टा आहे का ते पाहणे आणि त्याने स्वतःची तीन बोटे एकावर एक अशी धरली असता ती तोंडात मावतात का, हे त्यालाच करून पाहायला लावणे.