अर्धांगवायू, लकवा आणि गुठळी

मुखेडच्या परिसरात अर्धांगवायूस ‘लकवा’ही म्हणतात. मूळ अरबी शब्द केवळ चेहऱ्याच्या पक्षाघाताचा वाचक. ‘अर्धांगवायू’ हा शब्द दोष वायूवर ठेवतो. बहुतेक झटक्यांचे खरे कारण, म्हणजे मेंदूच्या रोहिणीत अडकलेली रक्ताची गुठळी, दोहोंतही नाही. मांडीच्या रोहिणीतून कॅथेटर नेऊन ती ओढून काढणाऱ्या मळसूत्री तारेस अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळाली. पुढे शोषण करणारे कॅथेटर आले. २०१२ च्या चाचण्यांत जाळीदार साधन तारेहून सरस ठरले. २०१७ व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनांत जाळी व शोषण यांचे फळ जवळपास सारखेच आढळले. साधनांतील अंतर असे मिटले. मुखेडहून निघणाऱ्या रुग्णापुढे वेळेचे अंतर मात्र उरते. ‘वायू’ समजून घरी थांबणे म्हणजे ते अंतर वाढविणे होय.