मुंबईचा नीचांक: आधी गाळा, मग शोधा

जानेवारीतल्या एखाद्या पहाटे तुम्ही गोरेगाव स्टेशनवरून आरेच्या रस्त्याने गेला असाल, तर हे अनुभवलं असेल. स्टेशनबाहेर साध्या शर्टावर भागतं. झाडी सुरू झाली की स्वेटर का नाही घेतला, असं वाटायला लागतं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मात्र मुंबईचं किमान तापमान म्हणून एखाददुसराच आकडा असतो. माझं पीएचडीचं काम जुन्या हवामान नोंदींवर आहे, आणि घरचे हमखास विचारतात, "मग सांग, मुंबईत आजवर सर्वात जास्त थंडी कधी पडली?" प्रश्न सोपा वाटतो ना? बघूया.

सांताक्रूझ केंद्राचा नीचांक आहे ७.४ अंश सेल्सिअस, जानेवारी १९६२ मधला. कुलाबा केंद्राचा नीचांकही त्याच महिन्यातला, पण तो ११.७ अंश. शहर एक, थंडीची लाट एक, आणि फरक चार अंशांहून जास्त! चूक कुणाचीच नाही. कुलाब्याला समुद्राचा वेढा आहे आणि पाणी रात्री सावकाश गार होतं. सांताक्रूझची जमीन भराभर तापते आणि भराभर निवते. म्हणजे 'सर्वात कमी किती' याच्या आधी 'कुठल्या नोंदींमधलं' हे ठरवावं लागतं.

गंमत म्हणजे, किमान शोधण्याचं काम संगणकाच्या कितीतरी आधी एक काचेची नळी करत होती. किमान तापमापकात अल्कोहोल असतं आणि त्यात एक बारीक दांडी. थंडी वाढली की अल्कोहोल आकसतं आणि दांडीला मागे ओढतं. पुन्हा ऊब आली की अल्कोहोल दांडीला ओलांडून पुढे जातं, दांडी जागेवरच राहते. सकाळी निरीक्षक येतो, दांडीचं टोक कुठे आहे ते वहीत लिहितो आणि नळी तिरकी करून दांडी परत जागेवर आणतो. रात्रभरातले बाकीचे आकडे गेले, फक्त सर्वात लहान उरला.

अशा वह्यांची परंपरा मुंबईत जुनी आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली. तिथे चुंबकीय आणि हवामानाची निरीक्षणं १८४१ पासून सुरू झाली. १८९६ मध्ये नानाभाई मूस तिचे पहिले भारतीय संचालक झाले. सांताक्रूझची मालिका मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापासूनची. एवढी रजिस्टरं हाताने चाळून नीचांक काढायचा म्हणजे दिवसच्या दिवस जाणार.

१९७० मध्ये आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी माहिती साध्या तक्त्यांमध्ये मांडण्याची कल्पना लिहिली. १९७४ मध्ये तिथल्याच चेंबरलिन आणि बॉइस यांनी त्या तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा मांडली. तिचंच पुढचं रूप म्हणजे आजची एसक्यूएल. तिच्यात आपला प्रश्न दोन तुकड्यांत जातो. 'व्हेअर' म्हणजे गाळणी: केंद्र कुलाबा, महिना जानेवारी. गाळून ज्या ओळी उरतील त्यांच्यातलाच सर्वात लहान आकडा 'मिन' काढतं. क्रम कायम हाच: आधी गाळायचं, मग किमान.

आता माझी फजिती ऐका. जुन्या छापील तक्त्यांवरून मी आकडे टाइप केले, पहिला प्रश्न विचारला आणि उत्तर आलं शून्य. मुंबईत शून्य अंश! झालं होतं असं, की जिथे आकडा वाचता येत नव्हता तिथे मी शून्य भरून ठेवलं होतं. ती जागा रिकामी, म्हणजे 'नल', ठेवायला हवी होती. 'मिन' नलकडे बघतच नाही, पण शून्य त्याच्यासाठी खराखुरा आकडा असतो.

ही चूक निदान ओरडून सांगते. दुसरी गप्प बसते. शून्यं काढल्यावर मला अगदी पटण्यासारखं उत्तर मिळालं आणि मी खूश झाले. मग लक्षात आलं, की जुने आकडे फॅरेनहाइटमध्ये आहेत आणि नवे सेल्सिअसमध्ये. ५३ फॅरेनहाइट म्हणजे साधारण ११.७ सेल्सिअस, कुलाब्याच्या नीचांकाइतकीच थंडी. पण 'मिन'ला फक्त ५३ दिसतात, आणि ५३ काही १९ पेक्षा लहान नाहीत. म्हणजे माझ्या तक्त्यातलं अख्खं एकोणिसावं शतक या शर्यतीत धावतच नव्हतं, आणि कुठेही चुकीचा संदेश नाही! एकक बदलून घेतल्यावरच ती वर्षं परत आली.

तारखेचंही असंच. 'मिन' आकडा देतं, दिवस देत नाही. तो हवा असेल तर आधी किमान काढायचं आणि मग 'ज्यांचं तापमान एवढं आहे त्या सगळ्या ओळी दे' असं पुन्हा विचारायचं. चढत्या क्रमाने लावून पहिली ओळ उचलली तरी चालतं, असं बरेच जण म्हणतात. पण तोच नीचांक दोन रात्री आला असेल, तर दुसरी रात्र इतिहासातून गायब.

आता परत आरेच्या रस्त्यावर येऊ. आरे दुग्ध वसाहत १९४९ ची, आणि तिथले आदिवासी पाडे त्याच्याही आधीचे. १९६२ च्या त्या जानेवारीत तिथे शेकोटीभोवती बसलेल्या माणसांनी किती थंडी सोसली, हे माझ्या तक्त्यात नाही. सांताक्रूझ गोरेगावपासून लोकलने पाचवं स्टेशन, पण तिथला आकडा या पाड्यांचा आकडा नव्हे. मला तिथे अंदाजाने ७ लिहिता येणार नाही आणि शून्य तर नाहीच. ती जागा 'नल'. नोंद नाही म्हणजे थंडी नव्हती, असा त्याचा अर्थ होत नाही.

म्हणून 'मुंबईतली आजवरची सर्वात जास्त थंडी' असं वाचलंत, की तीन गोष्टी विचारा: कुठलं केंद्र, कधीपासूनच्या नोंदी आणि रिकाम्या जागांचं काय केलं? घरच्यांना मी आता एवढंच सांगते: मोजलेल्या ठिकाणांपैकी सांताक्रूझला, १९६२ च्या जानेवारीत, ७.४. उत्तर थोडं लांबतं, पण त्यातला एकही शब्द मला गाळता येत नाही.