फायलॉइड्स गाठ : गरोदरपणातील निदान

स्तनातील एक दुर्मीळ गाठ. स्तनाच्या सर्व गाठींत तिचे प्रमाण १ टक्क्याहून कमी आहे. गरोदरपणात ती क्वचितच आढळते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी १८३८ मध्ये तिचे वर्णन केले. सौम्य, सीमारेषेवरील आणि मारक असे तिचे तीन प्रकार असून बहुतेक गाठी सौम्य असतात.

गरोदरपणात दूधग्रंथी वाढून स्तन जड व घट्ट होतात, त्यामुळे गाठ हाताला उशिरा लागते. लागली तरी ‘दुधाची गाठ असेल, बाळंतपणानंतर जिरेल’ असे म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. या काळातल्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, हे खरे. पण ते तपासणीनंतर ठरायला हवे, आधी नव्हे. दोन आठवडे टिकलेली गाठ डॉक्टरांना दाखवावीच. झपाट्याने वाढणारी गाठ फायलॉइड्सचा संशय जागवते. मात्र साधा फायब्रोअडिनोमाही (स्तनातील एक सौम्य गाठ) गर्भावस्थेतील संप्रेरकांमुळे वाढतो, म्हणून केवळ वेगावरून निदान करता येत नाही.

पहिली तपासणी सोनोग्राफीची. तीत गुळगुळीत कडेची, कधी आत द्रवाच्या फटी असलेली गाठ दिसते. फायब्रोअडिनोमाही बराचसा असाच दिसतो. गरज पडल्यास पोट झाकून मॅमोग्राफी करता येते. गर्भापर्यंत पोहोचणारे किरण नगण्य असतात. गॅडोलिनियम टोचून करायचा एमआरआय शक्यतो टाळतात.

निर्णायक पायरी जाड सुईच्या बायोप्सीची. ती जागा बधिर करून गरोदरपणातही करता येते. दूध झिरपत राहण्याचा धोका थोडा असतो. बारीक सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी, इथे फसवू शकते. गरोदरपणात निरोगी पेशींचीही केंद्रके मोठी व ठळक होतात आणि त्या कर्करोगाच्या वाटू शकतात. म्हणून नमुन्यासोबतच्या कागदावर ‘गरोदर, अमुक आठवडे’ हे लिहिलेच पाहिजे. ही एक ओळ राहिली, तर निष्णात पॅथॉलॉजिस्टचीही दिशाभूल होऊ शकते.

एकाच गाठीत वेगवेगळ्या जागी वेगळे रूप असल्याने बायोप्सीनंतरही शंका उरते. अंतिम प्रकार, संपूर्ण गाठ काढून पेशींची दाटी, विभाजनाचा वेग आणि गाठीची कड पाहिल्यावरच ठरतो. ही शस्त्रक्रिया प्रसूतितज्ज्ञ व भूलतज्ज्ञांच्या सल्ल्याने गरोदरपणात करता येते. निदानासाठी गर्भपाताची गरज नसते. मारक प्रकार काखेतील लसीका ग्रंथींपेक्षा रक्तावाटे फुप्फुसात अधिक पसरतो, त्यामुळे तसा अहवाल आल्यास पोट झाकून छातीचा एक्स-रे काढतात.